दोन टिंब चौदा

‘काका, हा नंबर आम्ही कायमचा रिकामा ठेवायचं ठरवलंय,’ प्रसाद म्हणाला.

मी मान डोलावली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान डोलावत होतो. दूधवाल्यानं विचारलं, उद्यापासून दूध कमी करू का. मी मान डोलावली. बँकेतल्या मुलीनं सांगितलं, मृत्यूचा दाखला मूळ लागेल, झेरॉक्स चालणार नाही, तिलाही डोलावली. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की आपली पाळी आली, एवढं कळत होतं.

‘रिकामा म्हंजे?’ माझ्या बायकोनं, शालननं, स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. ‘कुणालाच न्हाई द्यायचा?’

‘कुणालाच नाही, काकू. दोन टिंब चौदा हा वृंदाचा नंबर. तेरानंतर आम्ही थेट पंधरा काढणार. क्रिकेटमध्ये नाही का, मोठा खेळाडू निवृत्त झाला की कधीकधी त्याच्या जर्सीचा नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत. तसं.’

शालन चौकटीला टेकली. ‘बरं वाटलं बाबा ऐकून,’ ती म्हणाली. ‘एवढं तरी राहू दे तिचं.’

वृंदा आमची एकुलती मुलगी. पुण्यात नोकरीला होती. पंधरवड्यापूर्वी ऑफिसच्या जिन्यात चक्कर आली म्हणून खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. तिला गडहिंग्लजला आणलं. इथंच सगळं झालं. पाहुणे आले, बसले, गेले. मग घरात आम्ही दोघं आणि सतरंज्यांचा ढीग उरला. त्या ज्याच्या त्याला परत करायच्या होत्या आणि कुठली कुणाची ते आम्हाला आठवत नव्हतं.

प्रसाद ओतारी आणि फरीदा मुजावर हे तिचे सोबती, पण ऑफिसातले नव्हेत. नोकरी सांभाळून ही मंडळी आणखी एक काम करत. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा करायचे, दुरुस्त करायचे आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना द्यायचे. असल्या म्हाताऱ्या मशिनांना झेपेल अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम त्यांनी जुळवली होती. सगळी मराठीतून. तिचं नाव ‘धुळपाटी’. नाव मी सुचवलं होतं.

धुळपाटीचा गाभा वृंदाकडे होता. गाभा हा तिचा शब्द. बाकीचे कर्नल म्हणायचे. तिनं मला तो एकदा समजावून सांगितला होता. ‘बाबा, शाळेत सगळ्यात आधी कोण येतं?’ मी म्हटलं, शिपाई. ‘किल्ल्या कुणाकडे? घंटा कुणाकडे? सगळे गेल्यावर कुलूप कोण लावतं? पडद्यावर दिसतं ते सगळं मास्तर लोकांचं काम. गाभा म्हणजे शिपाई. तो आला नाही तर मास्तर फाटकाबाहेर उभे.’ मूळ गाभा जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि तो कुणालाही घेता येतो. तो घ्यायचा, आपल्या जुन्या मशिनांना मानवेल असा दुरुस्त करायचा आणि ठरावीक काळानं नवा नंबर देऊन शाळांना पाठवायचा, हे तिचं काम.

‘च्या गार झाला की,’ शालन म्हणाली.

फरीदानं कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. ती मिरजेची, पंचविशीतली. 

‘तुमची दोघांची संमती असली,’ प्रसाद म्हणाला, ‘तर आज संध्याकाळीच सगळ्या शाळांना कळवतो. शाळा नुकत्याच उघडल्यात. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, काका. एकानंही नको म्हटलं नाही.’

मी मान डोलावणारच होतो. पण आयुष्यभर पोरं शिकवली. न समजता डोलावलेली मान मला मागच्या बाकावरूनही ओळखू यायची, आणि इथं तर ती माझीच होती.

‘हे नंबर तुम्ही देता कसे?’ मी विचारलं.

‘ते काय, तांत्रिक आहे थोडं—’

‘मी सांगते,’ फरीदा म्हणाली. तिनं पाय जवळ घेतले, मांडी घातली. ‘काका, दोन टिंब नऊनंतर काय आलं असेल?’

‘तीन.’

‘नाही. दोन टिंब दहा.’

‘अगं, असं कसं? दोन पॉइंट दहा म्हणजे दोन पॉइंट एकच. शून्य नुसतं शोभेला. ते नऊच्या आधी येऊन गेलं की.’

प्रसादला हसू फुटलं. ‘वृंदा म्हणायचीच, सगळ्या जगाला पटेल, आमच्या बाबांना—’ तो थांबला.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

‘ते दशांशचिन्ह नाही, काका,’ फरीदा म्हणाली. ‘नुसतं टिंब. गल्ली दुसरी, घर नववं. मग गल्ली दुसरी, घर दहावं. घरं कितीही होऊ शकतात.’

‘आणि गल्ली कधी बदलते? काही मोठं घडलं की?’

‘सगळ्यांना तसंच वाटतं. मूळ गाभ्याचा पहिला आकडा तीनाचा चार झाला, तेव्हा लोकांनी विचारलं, असं काय विशेष आहे यात? विशेष काहीच नव्हतं. मागचा आकडा वाढत गेला, म्हणताना-मोजताना अडखळायला लागलं, म्हणून पुढचा एकानं वाढवला आणि मागं शून्य लावलं. बस. चाराचा पाच झाला तेव्हाही तेच.’

‘म्हणजे आकड्याला मान वगैरे काही नाही.’

‘नाही. पूर्वी मूळ गाभ्याच्या नंबरात तीन आकडे असत आणि एक पद्धत होती. मधला आकडा सम असला तर गाभा पक्का, विषम असला तर प्रयोगातला. नुसता आकडा बघून माणसाला कळायचं, हे घरी वापरावं की नको. नंतर तीही सोडून दिली. आता नंबरानं एकच गोष्ट कळते. कशानंतर काय आलं.’

मला सगळं समजत होतं. एरवी असं काही नवं समजलं की ते ओसरीवर शिकायला येणाऱ्या पोरांना कधी सांगतो असं व्हायचं. त्या दिवशी ते समजलं आणि जिथं पडलं तिथंच पडून राहिलं.

‘पक्कं झालं हे ठरवतं कोण?’

‘आधी उमेदवार काढतात. चौदाचा उमेदवार एक. हौशी लोक तो आपापल्या मशिनावर चालवतात, तक्रारी सांगतात. दुरुस्त करून उमेदवार दोन. मग तीन. प्रत्येक वेळी तक्रारी कमी व्हायला हव्यात. त्या थांबल्या की गाभा ज्याच्या हातात असतो, तो नुसता उमेदवार हा शब्द काढून टाकतो. उरतो तो नंबर.’

‘परीक्षा वेगळी नाहीच?’

‘हीच परीक्षा.’

‘मग चौदा कुठवर आलं होतं?’

फरीदानं प्रसादकडे पाहिलं. प्रसाद सतरंजीचा दोरा ओढत होता.

‘उमेदवार सहापर्यंत,’ ती म्हणाली. ‘पाचव्यात एकच तक्रार उरली होती. आपली मशिनं बराच वेळ कुणी हात लावला नाही की वीज वाचवायला निजतात. बटण दाबलं की उठायला हवीत. काही उठायची, पण पडदा काळाच राहायचा. आत मशीन चालू, बाहेर अंधार. गुरुजींना वाटायचं, मेलं. मग कापड घालून कपाटात. कासारवाडीच्या शाळेत दोन मशिनं अशीच कपाटात गेलीत. चौदा मुख्यतः त्यासाठीच होतं. सहाव्यात वृंदाताईनं ती दुरुस्ती घातली. त्या दिवसाच्या आदल्या रात्री.’

‘आणि ती चालली का?’

‘कुणी बघितलंच नाही.’

‘का?’

‘धीर होईना, काका,’ प्रसाद म्हणाला. त्याचा आवाज एकदम वर गेला. ‘तिनं ठेवलेलं आहे तसंच असू दे, असं सगळ्यांच्या मनात आलं. त्यात चूक काढायची, तिच्या नावावर तक्रार नोंदवायची, मग ती आपण खोडायची... नको वाटलं. ते आहे तसं जपून ठेवणार आम्ही. पंधरा नव्यानं सुरू करू.’

‘पंधरात ही पडद्याची दुरुस्ती असेल?’

‘पुढं बघू कधीतरी.’

‘आता असू द्या की हो,’ शालन मला म्हणाली. ‘किती खोदून इचारतासा! ती पोरं एवढ्या लांबनं आली. तिचा नंबर तिला देतो म्हणत्यात. घ्यावा की माणसानं.’

तिचं खरं होतं. तिला काहीतरी हवं होतं, आणि ते द्यायला माणसं घरी चालत आली होती. त्या पंधरा दिवसांत तिनं काही मागितलं होतं ते एवढंच.

मी फक्त विचारायचं म्हणून विचारलं. ‘शाळांतली मशिनं मग तेरावरून थेट पंधरावर उडी मारतील?’

फरीदानं कप बाजूला सरकवला.

‘काय गं?’

‘उडी नाही मारत ती, काका.’ ती सावकाश बोलायला लागली. ‘वाड्यांवर इंटरनेट म्हणजे धागा असतो नुसता. अख्खा गाभा उतरवायचा तर दिवस जाईल. म्हणून आपण पूर्ण गाभा पाठवतच नाही. तेरा आणि चौदा यांत जेवढा फरक, तेवढाच पाठवतो. मशीन सकाळी चालू झालं की स्वतःचा नंबर बघतं आणि त्याच्या पुढचा मागतं. तेरा असेल तर चौदा मागणार.’

‘आणि चौदा नसेल तर?’

‘तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागणार.’

‘तिसऱ्या दिवशी?’

‘तेव्हाही.’

‘पंधरा निघालं तरी?’

‘पंधरा त्याला माहीतच नाही, काका. चौदा मिळाल्याशिवाय ते पंधरा मागत नाही.’

प्रसादनं दोरा सोडला. ‘हे...’ तो म्हणाला. ‘हे कुणाच्या लक्षातच नाही आलं. थांबा, काढू काहीतरी मार्ग. प्रत्येक शाळेत माणूस पाठवून हातानं बदल करून घेऊ. वर्षभरात होईल.’ मग जरा वेळानं म्हणाला, ‘दिवाळीनंतर सुरू केलं, तर वर्षभरात.’

शालन आत गेली नव्हती. मी तिच्याकडे वळलो.

‘सुतारांची विमल आठवते तुला?’

‘तिचं काय आत्ता?’

‘आठवते का?’

‘आठवती की. तिसरीत हुती.’

मी त्या दोघांना सांगितलं. मी वाडीच्या शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. तिसरीच्या वर्गात सतरा नंबर भैरू नावाच्या पोराचा होता. दिवाळीनंतर तो तापानं गेला. मधेच कुणी गेलं तर त्याचा नंबर वर्ष संपेपर्यंत दुसऱ्याला देत नसत. नवं हजेरीपत्रक जूनमध्ये. ‘मी सोळा म्हणायचो, पोर हजर म्हणायचं. मग मी श्वास घेण्यापुरता थांबायचो आणि अठरा म्हणायचो. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण त्या सतराच्या जागी सगळा वर्ग गप्प व्हायचा. पाय हलवणारी पोरं पाय हलवायची थांबायची. अठरा म्हणजे विमल. त्या गप्पपणानंतर पहिला आवाज तिला काढावा लागायचा.’

‘मग?’ फरीदानं विचारलं.

‘पोरगी शाळंला यायची बंद झाली,’ शालन म्हणाली. ती आता दारातून बाहेर येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ‘मीच गेलते तिच्या घरला. आई सांगत हुती, रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणती, आणि शाळा भरून गेली की बरं वाटतंय. भाकरी खाती, खेळती. मी इचारलं तिला मांडीवर घेऊन. तर म्हणाली, गुरुजी माझ्या आधी थांबत्यात.’

‘मग काय केलंत?’

‘ह्यांनी नंबरच सोडून दिले. नावानं हाका मारायला लागले. आज हिच्यापासनं सुरुवात, उद्या त्याच्यापासनं.’

तिनं खुर्ची सरळ केली. मग प्रसादला म्हणाली, ‘शाळा किती हायती रे तुमच्या?’

‘एकशे चाळीसेक.’

‘आणि त्या सगळ्यांतली मशिनं रोज सकाळी उठून इचारणार, चौदा कुठं हाय म्हणून.’

‘ते आत चालतं, काकू. माणसांना दिसत नाही काही.’

‘मला दिसलं की आता.’

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, नुसता नळाचा. फरीदा उठायला लागली तेव्हा मी हातानं तिला थांबवलं. शालन बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि पदरानं ती कान पुसत होती.

‘देऊन टाका तो,’ ती म्हणाली. ‘रिकामा ठेवू नका.’

‘काकू, तपासल्याशिवाय देता येत नाही,’ प्रसाद म्हणाला. ‘सहावा उमेदवार चालला पाहिजे. नाही चालला तर—’

‘मग तपास. कोण नको म्हणालंय?’

आमच्या बाहेरच्या खोलीत त्याच जातीचं एक मशीन होतं. मला मराठी टाइप करायला शिकता यावं म्हणून वृंदानं आणून बसवलेलं. फरीदानं त्यावर सहावा उमेदवार चढवला आणि मशीन लवकर निजेल अशी व्यवस्था केली. मग आम्ही वाट बघत बसलो. पडदा विझला. प्रसादचं बोट बटणाजवळ गेलं आणि तिथंच थांबलं.

‘दाब की,’ फरीदा म्हणाली.

‘तू दाब.’

शालन भाजी निवडायची परात घेऊन चालली होती. ती वाकली, तिनं बटण दाबलं आणि पुढं गेली. पडदा उजळला.

‘उठलं,’ ती परात ठेवता ठेवता म्हणाली.

‘एकदा उठून भागत नाही, काकू,’ फरीदा म्हणाली. ‘पाचवाही कधीकधी उठायचा. पुष्कळदा करून बघावं लागेल.’

‘मग हाय की दिवस.’

दुपारभर तेच चाललं. मशीन निजायचं. शालन येता-जाता ते उठवायची. चहा ठेवायला जाताना, वाळलेले कपडे आणताना, शेजारच्या बाईला सतरंजी परत देऊन येताना.

‘ओल्या हातानं नको, काकू.’

‘बरं, कोपरानं दाबते.’ आणि तिनं खरंच कोपरानं दाबलं. फरीदा हसली. मी कडेला खुर्चीवर बसून होतो. पडदा काळा होताना मला काही वाटत नव्हतं आणि उजळतानाही नाही. वर्गात पोरं पेपर लिहीत असतात आणि आपण नुसते बसून असतो, तसं. तेवढं मला जमत होतं.

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा एकदा शालननं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. पडदा काळाच. आत पंख्याची घरघर चालू झालेली ऐकू येत होती.

‘हात लावू नका,’ फरीदा म्हणाली.

प्रसाद उभा राहिला. शालन बोट तसंच धरून होती. मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतो, कारण आता तिच्यापुढं हे आणखी एकदा होणार होतं आणि ते माझ्या एका प्रश्नामुळं. मग तिच्या तोंडावर उजेड पडला.

‘आलं,’ ती म्हणाली. ‘झोपाळू हाय नुसतं.’

‘एवढा उशीर चालतो का?’ मी विचारलं.

फरीदा पडद्यावरच्या ओळी वाचत होती. ‘उशीर मुद्दाम आहे,’ ती म्हणाली. ‘पडदा पहिल्या हाकेला उठला नाही, तर जरा थांबून पुन्हा हाक मारायची, असं लिहिलंय ताईनं. पाचव्यापर्यंत एकच हाक होती. तेवढीच दुरुस्ती आहे.’

प्रसाद खाली बसला. ‘मीच सुचवलं होतं सगळ्यांना,’ तो म्हणाला. ‘रिकामा ठेवू म्हणून. मला ते उघडायचंच नव्हतं.’

‘बस रे,’ शालन म्हणाली. ‘च्या घे. न्हाईतर पुन्हा गार करशील.’

दिवेलागणीपर्यंत मशीन एकदाही अंधारात राहिलं नाही. बाकीच्या मंडळींशी फोनवर बोलणं झालं. त्यांनीही दिवसभरात आपापल्या मशिनांवर सहावा चालवला होता; फरीदानं दुपारीच सगळ्यांना कामाला लावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मग उमेदवार हा शब्द काढायची वेळ आली. गाभा आता फरीदाकडे द्यायचा, असं फोनवरच ठरलं.

‘नाव कुणाचं लागेल?’ शालननं विचारलं. मला वाटतं, हा प्रश्न ती दुपारपासून धरून बसली होती.

‘दोन नावं असतात, काकू. लिहिलं कुणी ते वेगळं, पुढं पाठवलं कुणी ते वेगळं. पाठवलं म्हणून माझं लागेल. लिहिलं तिथं ताईचं आहेच. प्रत्येक दुरुस्तीमागं आहे.’

‘ते पुसत न्हाईत न्हवं नंतर?’

‘नाही. पंधरात, सोळात, पुढं कितीही गेलं तरी ज्यानं लिहिलं त्याचं नाव तिथंच राहतं.’

‘मग कशाला नंबर राखून ठेवायला निघालतासा?’ शालन म्हणाली. प्रसादनं कानाची पाळी धरली.

फरीदानं तो शब्द खोडला. आवाज झाला नाही, घंटा वाजली नाही. पडद्यावर २.१४ एवढंच राहिलं. आम्ही जेवलो. ती दोघं पुढच्या खोलीत झोपली.

सकाळी पोहे खात होतो तेव्हा फरीदाचा फोन वाजला. कासारवाडीच्या कुंभार बाई. त्यांचा आवाज इतका खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

‘मॅडम, चौदा आलं हो! कपाटातली दोन्ही मशिनं बाहेर काढली, हातानं चौदा घातलं. निजवून उठवून बघितली. दोन्हींचा पडदा उजळला. पण एक झालंय. आवाज गेला. पोरांच्या कविता लावल्या तर नुसती चित्रं हलतायत. पहिलीची पोरं मशिनाला कान लावून बसलीत.’

‘झालं,’ प्रसाद म्हणाला आणि त्यानं ताटली खाली ठेवली.

‘आता मागं घ्यावा लागणार का?’ मी विचारलं. ‘नंबर?’

‘नंबर दिला की परत घेत नाहीत, काका,’ फरीदा म्हणाली. फोनवर तिनं हात ठेवला होता. ‘चूक सापडली की ती दुरुस्त करायची आणि चौदाच्या पुढं आणखी एक टिंब द्यायचं. दोन टिंब चौदा टिंब एक. आणखी सापडली की टिंब दोन.’

‘असं कुठवर?’

‘कुणीतरी वापरत असतं तोवर.’

‘आणि नंबर चौदाच?’

‘चौदाच.’

शालन दारात उभी राहून ऐकत होती. ‘म्हंजे काम हाय म्हणा अजून त्याच्यात.’

‘आहे, काकू. भरपूर आहे.’

‘मग बसा. आजच्या गाडीनं जायचं न्हाई.’ तिनं प्रसादची ताटली उचलली, त्यात आणखी पोहे वाढले आणि त्याच्या हातात दिली. ‘तू खा आधी. आणि तू गं, कर सुरू.’

फरीदानं लॅपटॉप ओढला. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिनं फोन पुढं केला. मी तो घेतला. पलीकडे पोरांचा कलकलाट चालू होता आणि बाई कुणाला तरी वायरीपासून लांब हो म्हणत होत्या.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘मी वृंदाचा बाप बोलतोय. नेमकं काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा. सावकाश सांगा. मला वेळ आहे.’